वाचकांचे प्रश्न : शहरातील तळी, पाणपक्षी आणि पावसाचे वेळापत्रक

सांगली, मिरज आणि सातारा परिसरातून पाणपक्ष्यांविषयी आलेल्या पत्रांत एक तक्रारवजा कुतूहल वारंवार दिसते : अमुक पक्षी एकाएकी दिसू लागला, तमुक एकाएकी नाहीसा झाला. बहुतेक पत्रलेखकांनी त्याचे कारण थंडीत किंवा उन्हाळ्यात शोधले आहे. आपल्या भागात कायम राहणाऱ्या पाणपक्ष्यांचे वर्ष मात्र प्रामुख्याने पावसावर आणि पाण्याच्या खोलीवर चालते, तर उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांचे वर्ष दिवसाच्या लांबीवर. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकातून निघतात, म्हणून तो आरंभीच सांगितला.

प्रश्न : मी रोज सकाळी आमराईत फिरायला जातो. जूनच्या सुमारास परिसरात तांबूस-किरमिजी पाठीचा, पांढऱ्या पंखांचा बगळ्यासारखा पक्षी दिसू लागतो आणि ऑक्टोबरनंतर तो दिसत नाही. हा पावसाळी स्थलांतरित पक्षी कोणता? (एक निवृत्त कर्मचारी, सांगली)

हा पक्षी कोठूनही येत नाही आणि कोठेही जात नाही. हा आपला ढोकरी, म्हणजेच वंचक. वर्षाचे सात-आठ महिने तो मातकट, रेघारेघांच्या वेशात काठावर इतका निश्चल उभा असतो की जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही, आणि उडाला की पांढरे पंख उघडून एकदम लक्ष वेधतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला विणीचा पिसारा येतो. पाठ गडद किरमिजी होते, डोके व मान पिवळसर-बदामी होतात, डोक्यामागे पांढऱ्या लांब पिसांचा तुरा लोंबू लागतो, चोचीच्या मुळाशी निळसर छटा येते आणि विणीच्या ऐन भरात काही पक्ष्यांचे पाय लालसर दिसतात. नर आणि मादी दोघांनाही हा वेश येतो. वीण संपल्यावर ही पिसे झडतात व पक्षी पुन्हा मातकट होतो.

असाच गोंधळ इतर बगळ्यांबाबतही होतो. गुरांच्या मागे फिरणारा गायबगळा एरवी शुभ्र असतो, पण पावसाळ्यात त्याचे डोके, मान व पाठ केशरी-बदामी होते. मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या काळात काळी पडते, त्यामुळे चोचीच्या रंगावरून बगळा ओळखण्याची सवय असलेल्यांची फसगत होते. लहान बगळ्याची चोच मात्र बाराही महिने काळी आणि बोटे पिवळी असतात. तेव्हा ओळख पटवताना रंगापेक्षा आकार, मानेची लांबी आणि बोटे पाहावीत.

हा पेहराव नेमका पावसाळ्यातच का? सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत साधारण दोन तासांचाच फरक असतो, तर ६० अंश अक्षांशावर तोच फरक जवळपास तेरा तासांचा होतो. उत्तरेकडील पक्ष्याला दिवसाची लांबी हे ऋतुबदलाचे अत्यंत ठळक चिन्ह असते. आपल्या पक्ष्यांनाही ते कळते, परंतु त्यांच्यासाठी निर्णायक ठरतो तो पाऊस, कारण पहिल्या सरींनंतर बेडूक, बेडकाची पिले, नाकतोडे, पाणकिडे आणि माशांची पिल्ले यांची रेलचेल होते. पिलांना दिवसातून अनेक वेळा भरवायचे तर हाच काळ सोयीचा. पाऊस लांबला की बगळ्यांची घरटीही लांबतात. ज्या वर्षी मृग कोरडा जाईल, त्या वर्षी आपण आपल्या नोंदवहीत हे अवश्य पडताळून पाहावे.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्या घरामागील पडीक जागेतील डबक्यातून रात्रभर ‘क्वाक्-क्वाक्’ असा कर्कश आवाज येतो. शेजारी म्हणतात, बेडूक आहेत. मला तसे वाटत नाही. (एक गृहिणी, विश्रामबाग)

आपला संशय योग्य आहे. वर्णनावरून ही पांढऱ्या छातीची पाणकोंबडी असावी. वरून काळपट, चेहरा व छाती पांढरीशुभ्र आणि आखूड शेपटीखाली विटकरी रंग. ती चालताना शेपटी सतत वर-खाली झटकते. उन्हाळ्यात ती जवळजवळ मुकी असते. पाऊस पडला की नर-मादी झुडपांत बसून आपली हद्द जाहीर करतात आणि ढगाळ हवेत, तिन्हीसांजेला व रात्रीही दीर्घकाळ ओरडत राहतात. पाण्याजवळच्या दाट झुडपात घरटे होते, काळ्याकुट्ट लवीची पिले जन्मल्यानंतर लवकरच आईमागे चालू लागतात आणि मग आवाज आपोआप कमी होतो. तोपर्यंत त्या जागेतील घाणेरी व गवत छाटू नये, एवढीच विनंती. झोपमोड होते हे खरे, पण शहरात इतक्या थोड्या आडोशावर समाधान मानणारा दुसरा पाणपक्षी क्वचितच सापडेल.

प्रश्न : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना घेऊन मिरजेजवळच्या एका तलावावर गेले होते. बदके पुष्कळ होती, परंतु सर्व तपकिरी, म्हणजे माद्याच. पुस्तकातील रंगीत नर एकही नव्हता. नर उशिरा येतात का? (एक शिक्षिका, मिरज)

विद्यार्थ्यांना नेण्यासाठी आपण निवडलेला काळ उत्तम होता. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि नेमक्या याच दिवसांत हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. आपण पाहिलेल्या तपकिरी बदकांत नर नक्कीच असणार. ते केवळ नरांसारखे दिसत नव्हते.

बहुतेक पक्षी उडण्याची मोठी पिसे एक-एक करून बदलतात. बदके ती सर्व एकाच वेळी गाळतात, त्यामुळे सुमारे तीन ते चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. मध्य आशिया व सायबेरियातील प्रजननक्षेत्रात विणीनंतर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, हा काळ येतो. उडता न येणाऱ्या नराने हिरव्या डोक्याने आणि पांढऱ्या छातीने मिरवणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण देणे होय. म्हणून त्या सुमारास नराच्या अंगावर मादीसारखी तपकिरी पिसे येतात. नवे पंख फुटल्यावर तो त्याच साध्या वेशात दक्षिणेकडे निघतो आणि आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचतो. पुढे हिवाळ्यात हळूहळू रंगीत पिसे येतात, कारण अनेक बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामातच जमतात व नराला मादीपुढे मिरवायचे असते. हीच मंडळी जानेवारीत पाहिली असती तर विद्यार्थ्यांनी पुस्तकाशी पटापट मेळ घातला असता.

सर्व जातींचे वेळापत्रक सारखे नसते. भुवई बदक सर्वांत आधी, ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्येच भारतात पोचू लागते, परंतु त्याचा नर साधा वेश फार काळ टिकवतो. डोळ्यावरची पांढरी रुंद भुवई पुष्कळदा फेब्रुवारीच्या सुमारासच नीट दिसते. थापट्या आणि तलवार बदक यांचे नर त्याआधी रंगात येतात. नोव्हेंबरमध्ये नर ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. थापट्याची पळीसारखी चोच नर-मादी दोघांचीही असते, परंतु प्रौढ नराचा डोळा पिवळा व मादीचा बहुधा तपकिरी असतो. शिवाय उडताना नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा चमकतो. तलवार बदकाच्या नराच्या चोचीच्या कडा निळसर-करड्या असतात. दुर्बीण असेल तर विद्यार्थ्यांना रंग शोधायला न लावता डोळे व चोच पाहायला सांगावे. त्यांना ते अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या तलावावर याच थव्यात बाराही महिने राहणारे हळदी-कुंकू बदक असू शकते. काळ्या चोचीच्या टोकाशी पिवळा व मुळाशी तांबडा ठिपका असल्यामुळे हे नाव त्याला फार शोभते. याचे नर-मादी जवळपास सारखेच दिसतात आणि वेशबदलाचा प्रश्न येत नाही. मात्र विणीनंतर तेही उडण्याची पिसे एकदम गाळते, व ते दिवस आपल्याच तळ्याच्या लव्हाळ्यात लपून काढते. अशा वेळी काठावर मोकाट कुत्री असली की त्याचे फार हाल होतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दारातील पर्जन्यवृक्षावर दर पावसाळ्यात शेकडो बगळे व पाणकावळे घरटी करतात. विष्ठा, माशांचा वास आणि खाली पडणारी पिले यांमुळे रहिवासी त्रस्त आहेत. फांद्या छाटून घेण्याचा ठराव झाला आहे. आपले मत काय? (सोसायटीचे सचिव, सांगली)

रहिवाशांचा त्रास काल्पनिक नाही, हे प्रथम मान्य करतो. परंतु जून ते सप्टेंबर या काळात ही छाटणी करता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे किंवा त्यांना धक्का लावणे यांचाही समावेश आहे. आणि शहरातील झाड तोडण्यासाठी १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. सोसायटीचा ठराव या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी उपाय म्हणूनही छाटणी फसवी आहे. ढोकरी, गायबगळा, लहान बगळा, रातबगळा आणि छोटा पाणकावळा एकत्र घरटी करतात, कारण अनेक डोळ्यांचा पहारा मिळतो. वस्तीतील झाडे त्यांना आवडतात याचे एक कारण असे की माणसांच्या वर्दळीमुळे तेथे शिकारी प्राण्या-पक्ष्यांचा वावर कमी असतो. एक झाड गेले की वसाहत बहुधा शेजारच्या झाडावर जाते. त्रास फक्त पत्ता बदलतो.

काळाचे गणित लक्षात घेतले तर हा प्रश्न सहन करण्याजोगा होतो. अंडी साधारण तीन ते साडेतीन आठवड्यांत उबतात आणि पिले स्वतंत्र व्हायला पुढे सुमारे महिना-दीड महिना लागतो. सर्व जोड्या एकाच दिवशी सुरुवात करीत नाहीत म्हणून वसाहत तीन-चार महिने गजबजलेली दिसते. या काळापुरती वाहने दुसरीकडे लावावीत, येण्या-जाण्याच्या वाटेवर ताडपत्रीचा मांडव घालावा, झाडाखाली पालापाचोळ्याचा थर पसरून तो आठवड्याला बदलावा. विष्ठा त्यात मुरते आणि वास बराच कमी होतो. तो पाचोळा कुजल्यावर बागेला उत्तम खत होते. पडलेले पिलू धडधाकट असेल तर खालच्या फांदीवर ठेवून पाहावे, जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धोकादायक वाळकी फांदी असल्यास ती हिवाळ्यात, घरटी रिकामी झाल्याची खात्री करून, रीतसर परवानगीने काढावी. फटाके लावून पक्षी उठवण्याची सूचना आपल्या पत्राच्या शेवटी आहे. ती कृपया कार्यवृत्तातूनही वगळावी.

प्रश्न : कृष्णेला पूर येतो तेव्हा नदीवरचे पक्षी कोठे जातात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगलीवाडी)

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात हा प्रश्न यावा हे स्वाभाविकच आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोका पातळी गाठते, त्याच्या कितीतरी आधी पक्ष्यांच्या दृष्टीने नदी निरुपयोगी झालेली असते. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत स्थिर राहून खालचा मासा हेरतो आणि नदी सुरयही वरून सूर मारून मासे पकडतो. दोघांनाही मासा दिसावा लागतो. गढूळ लाल पाण्यात ते शक्य नसते. काठावर उभे राहून शिकार करणाऱ्या बगळ्यांना घोट्या-गुडघ्याएवढे पाणी लागते, आणि पुरात काठ असा उरतच नाही.

म्हणून हे पक्षी नदी सोडतात, परंतु फार दूर जात नाहीत. शहरातील काळी खण, मिरजेचा गणेश तलाव, जुन्या दगडखाणींतील डोह, शेततळी आणि तुंबलेली शेते यांवर ते विखुरतात. ऐन पावसाळ्यात शहरातल्या तळ्यांवर पक्षी वाढलेले दिसतात, त्यामागे हेही एक कारण असते. पाणी ओसरू लागले की चित्र उलटते. उसाच्या सऱ्यांत व खाचखळग्यांत मासे, खेकडे, गोगलगायी अडकून राहतात आणि त्यांवर बगळे, ढोकरी व शराटी तुटून पडतात. गोगलगायी फोडण्यात तरबेज असलेला उघड्या चोचीचा करकोचाही अशा वेळी दिसू शकतो. माणसाच्या नुकसानीच्या चिखलात पक्ष्यांची ही मेजवानी पाहणे अवघड वाटते, तरी घडते ते असेच.

नदीवरच घरटे करणारे पक्षी पुराचा हिशेब आधीच करून बसलेले असतात. नदी सुरय व टिटवी मार्च ते मे या काळात उघड्या वाळूवर किंवा खडकाळ जागी अंडी घालतात. कवड्या खंड्या काठाच्या मातीत बीळ खणतो तेही पावसाळ्यापूर्वी. त्यांचे वर्ष बगळ्यांच्या नेमके उलट. त्यामुळे या पक्ष्यांना जुलैच्या पुरापेक्षा एप्रिलमधील वाळूउपसा, नदीकाठची वाहने आणि वळवाच्या दिवसांत धरणातून अवचित सोडलेले पाणी अधिक घातक ठरते.

प्रश्न : येथील एका बागेच्या तळ्यात पाळीव बदके आहेत. मुले त्यांना पाव, बिस्किटे, फरसाण घालतात. त्यांना अडवावे का? (एक पालक, सातारा)

अडवावे, विशेषतः मार्च ते मे या महिन्यांत. पाव पोट भरतो, पोषण देत नाही. वाढत्या वयातील बदकांच्या पंखांचे टोक बाहेर वळण्याच्या विकृतीचा संबंध अशा पिष्टमय आहाराशी जोडला जातो, आणि फरसाणातील मीठ तर त्यांना अपायकारकच. पण मोठा धोका न खाल्लेल्या पावाचा आहे. उन्हाळ्यात तळ्यात पाणी थोडे आणि कोमट असते. तळाशी कुजणारे अन्न त्यातील प्राणवायू संपवते, मासे मरतात, आणि प्राणवायू नसलेल्या उष्ण चिखलात बोटुलिझमचे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. या विषाने पक्ष्यांचे स्नायू लुळे पडतात, मान टाकून ते पाण्यातच बुडतात. मुलांना काही घालायचेच असेल तर मूठभर भिजवलेले धान्य किंवा बारीक चिरलेली पालेभाजी, तीही बदके संपवतील तेवढीच द्यावी. तळ्यावर येणाऱ्या रानपक्ष्यांना काहीही घालू नये.

प्रश्न : टिबुकली स्वतःचीच पिसे खाते हे खरे का? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, मिरज)

खरे आहे. ती पिसे गिळते आणि पाठीवर बसवून हिंडवलेल्या पिलांनाही भरवते. माशांचे काटे आतड्यास इजा करू नयेत यासाठी पोटात पिसांचा गोळा राहतो, असे मानले जाते. पावसाळ्यात तिची मान तांबूस-विटकरी होते व चोचीच्या मुळाशी पिवळा डाग उठतो. हिवाळ्यात ती फिकट तपकिरी दिसते. पावसाळ्यात तिचे तरंगते घरटे नीट पाहा : घरटे सोडताना ती अंड्यांवर ओला पाला ओढून घेते.

प्रश्न : आमच्या प्रभागातील तळे जलपर्णीने भरले आहे. ते पूर्ण साफ करून काठ बांधून घ्यावा, अशी मागणी आम्ही करणार आहोत. पक्ष्यांच्या दृष्टीने योग्य वेळ कोणती? (नागरिक मंच, सांगली)

मागणीच्या मसुद्यातील ‘पूर्ण’ हा शब्द काढावा. जलपर्णी अनुकूल हवामानात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते, पाण्यावर पडणारा उजेड अडवते आणि बदके व पाणकावळे यांना लागणारे मोकळे पाणी हिरावून घेते. तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण जून ते सप्टेंबर या काळात तरंगत्या पानांवर टिबुकली, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी यांची घरटी असतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडे जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे काम नर करतो. त्या काळात यंत्र उतरवले तर या नरांची आणि पिलांची एक पिढीच ट्रकमधून कचरा डेपोवर जाते.

काम फेब्रुवारी ते मे या काळात, तळ्याचे तीन-चार भाग पाडून, एका वेळी एकाच भागात करावे. स्थलांतरित बदके मार्च-एप्रिलपर्यंत असतात, म्हणून ती ज्या बाजूस बसतात तो भाग शेवटी घ्यावा. लव्हाळे आणि कमळ-कुमुदिनी हे देशी पाणवेल एका काठाला राखावेत. पावसाळ्यात जलपर्णी पुन्हा पसरलीच तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, घरटी संपल्यावर, मध्यभाग मोकळा करून घ्यावा, म्हणजे येणाऱ्या बदकांना उतरायला जागा मिळते.

काठाच्या बांधकामाबद्दल अधिक आग्रहाने सांगतो. उभी दगडी किंवा काँक्रीटची भिंत घातली की उथळ पाणी संपते, आणि बगळे, ढोकरी, शेकाट्या, धोबी या सर्वांचे तेथील जेवण संपते. मग वर्षभर मोकळ्या पाण्यावर फक्त पाणकावळे आणि पाळीव बदके दिसतात. सुशोभीकरणाच्या आराखड्यात निदान एक बाजू मातीच्या हलक्या उताराची ठेवावी, पदपथ त्या बाजूने पाण्यापासून काही अंतरावर न्यावा आणि प्रखर दिवे तेथे लावू नयेत. शेकाट्या दिसू लागल्या म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मात्र समजू नये. सांडपाण्याच्या उथळ गाळातही त्या आनंदाने चरतात. तेव्हा नाल्याचे तोंड वळवण्याची मागणी याच अर्जात वेगळ्या कलमाने घालावी, कारण सांडपाणी येत राहिले तर काढलेली जलपर्णी दिवाळीपूर्वीच परत येईल.